शंखासुराचं बीपी

६ नोव्हेंबर, गुरुवार

बायकोच्या, सुमनच्या गुडघ्याचं मलम आणायला तिठ्यावर भानूच्या फार्मसीत गेलो. भानू म्हणजे धाकट्या काकाचा मुलगा, माझा चुलतभाऊ. बीपीच्या मशीनसमोर कोणी नव्हतं. "दादा, बस मरे. बघूया तुझां." बसलो. पट्टा आवळला, सुटला. एकशेपन्नास – नव्वद. "जरा चढता आसा. डॉक्टराक दाखय."

एवढं मोठ्याने सांगायची गरज नव्हती. दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यात पाववाल्या पोदेराची बायको. म्हणजे उद्या सकाळी उंड्यांबरोबर घरोघर माझं बीपी पोचणार.

जन्मात कधी गोळी घेतली नाही मी. डोकं दुखलं तर सुंठ उगाळून लावतो.

घरी सु.ला काही बोललो नाही. संध्याकाळी तीच म्हणाली, "दीडशें म्हणतत. खरां?"

८ नोव्हेंबर, शनिवार

वाचनात लक्ष नाही. पेपर तीनदा उचलला, तीनदा ठेवला. मागच्या दारी जाऊन आलो, पुढच्या दारी जाऊन आलो. सु. म्हणते, "एका जाग्यार बसात मरे, माका घेरी येता."

डोक्यात नारळ. ३० तारखेला रविवारी देवळात महाजन दर वर्षीप्रमाणे विचारणार, "काल्याक शंखासूर कोण धरतलो?" आणि दर वर्षीप्रमाणे मी पुढे होऊन नारळ घेणार. काला म्हणजे देवळापुढचा रात्रीचा खेळ, आणि त्यातला शंखासूर हा आमच्या घराण्याचा मान. बाबांनी धरला, आजोबांनी धरला. काळा अंगरखा, काळा मुखवटा, लांब लाल जीभ, आणि काल्याच्या मांडावर तासभर उड्या, नाच, लोकांची टिंगल. एकदा नारळ हातात घेतला की मागे फिरता येत नाही. ताप असो, हात मोडो. आणि घराण्याच्या थोरल्या पातीने, म्हणजे शाखेने, घेतला नाही तर धाकट्या पातीने घ्यायचा. धाकटी पाती म्हणजे भानू. त्यानेही नाही म्हटलं तर मान घराबाहेर जातो. गेलेला मान परत आल्याचं गावात कोणाला आठवत नाही.

मला मुलगा नाही. मुलगी एकच, रश्मी, सर्वणला दिलेली. म्हणजे माझ्यानंतर भानूच.

आणि माझं बीपी कोण सांगतो? भानू. मशीनचं तोंड त्याच्याकडे. आकडा तोच वाचतो, मी फक्त ऐकतो. लिहिलं नसतं तर बरं झालं असतं, पण मनात आलं खरं.

१० नोव्हेंबर, सोमवार

पेडण्याला गेलो. सु.ला सांगितलं, पेन्शनचं काम. तिथल्या एका फार्मसीत मोजलं. एकशेबहात्तर – अठ्ठ्याण्णव.

हे काय मोजणं? बसमधून उतरून उन्हातून चालत आलो होतो. वाटेत पातळ भाजी, उंडा आणि काळा चहा घेतला होता. वर त्या बाबाने पट्टा पूर्ण बाहीच्या शर्टावरून बांधला. एका हाताने मोजतोय, दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला सुटे पैसे देतोय. असलं मोजणं मी धरत नाही.

येतानाची बस चुकली. स्टँडवर उभं राहून सगळ्यांवर चिडलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

परत भानूकडे. एकशेअठ्ठेचाळीस. "बघ, उतरलां मगे. तरी डॉक्टराक दाखय."

म्हटलं, मशीन जरा इकडे फिरव, मला बघू दे.

"नळी पुरना दादा."

बसायचं स्टूल काउंटरच्या बाहेर, मशीन आत त्याच्या बाजूला. नळी पुरत नाही हे खरंच दिसत होतं. तरी मला ते आवडलं नाही. गेल्या दोन्ही वेळी शेवटी डॉक्टरचं नाव. डॉक्टर काय सांगणार हे मला कळत नाही का? 'काका, या वयात उड्या नकोत.' मग ते गावभर. मग महाजन नारळ माझ्यापुढे धरतील का?

तसाच उठलो. त्याने बिस्किटाचा पुडा पुढे केला, घेतला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अंगरखा उन्हात घातला. कसर लागलेली नाही. मुखवट्याची जीभ जरा उसवली आहे, सु. शिवून देते म्हणाली.

खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, कोणी नाही बघून पहिली उडी मारून बघितली. मग दुसरी. तिसरीला श्वास पुरला नाही. तुळशीचा आधार घेऊन उभा राहिलो. कानात शिट्टी वाजल्यासारखं. ऊन असेल.

आज बालदिन. आमच्या मराठी शाळेत या दिवशी पोरांना चिकू वाटायचो. शाळा मुलं नाहीत म्हणून बंद झाली. आता तिथे पंचायतीच्या खुर्च्या आणि मोडका फळा. काल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो की लहान पोरं माझ्याकडे बघायची नाहीत. रात्रभर ज्याला घाबरली तोच सकाळी पाढे म्हणून घेतोय. एकदा पहिलीतल्या एका चिमुरडीने हात वर करून विचारलं होतं, "मास्तर, तुमची जीब आतां खंय आसा?"

शाळा गेली. हे एवढं एक उरलं आहे. हेही गेलं तर मी या गावात नक्की कोण? मला भीती वाटते. लिहून टाकतो, बोलता येत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

शंखासूर ज्या घरात, त्या घरात दिवाळीपासून काल्यापर्यंत मासळी शिजत नाही. पाळणूक आहे ती. आज शेजारी बांगडे तळत होते. सु.ने खिडकी लावून घेतली. "तुमच्या शंखासुरान आमका सगळ्यांका उपाशी मारल्यान."

मी म्हटलं, बरंच आहे, शिवराक, बिनमासळीचं खाण्याने बीपी उतरेल. रोज पेज, पापड आणि खारातला आंबा. दुपारी वरणभात आणि परत खारातला आंबा. बरणी निम्मी झाली. आंबा नसता तर मी खरंच पाळणूक मोडली असती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सर्वणला रश्मीकडे. घरचे नारळ पोचवायचे म्हणून निघालो, म्हापशाला बस बदलून डिचोली. रश्मी बाजारात न्यायला आली. तिथे फार्मसी दिसली, पाय वळलेच. रश्मी म्हणाली, "बाबा, कितें जाता तुमकां?" म्हटलं, काही नाही गं, सहज.

तिथली मुलगी वेगळीच. आधी बसवलं. चहा घेतला का, घाईने चाललात का, सगळं विचारलं. पाय जमिनीला टेकवा, बोलू नका. दहा मिनिटं गप्प. मग बाही वर. मोजलं, थांबली, परत मोजलं. मग मशीन माझ्याकडे फिरवलं. पहिल्यांदा माझा आकडा माझ्या डोळ्यांनी बघितला.

एकशेअठ्ठ्याहत्तर – एकशेचार.

ऊन नव्हतं. चढण नव्हती. चहा नव्हता. रश्मी बाजूला उभी होती, तिने तो आकडा बघितला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. लहानपणी ताप आला की मी तिच्या कपाळावर ठेवायचो तसा.

"गुळी घेतात मूं तुमी?"

"नाही."

"भानूकाका कितें सांगता?"

"एकशेअठ्ठेचाळीस."

तिने परत त्या आकड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ताचें मशीन बिघडलां आसतलें."

परत येताना बसमध्ये एका जागी बसवेना. मी भानूला जास्त सांगताना पकडायला निघालो होतो. पण बाकी सगळीकडे त्याच्यापेक्षा जास्त. म्हणजे तो कमी सांगतो. का?

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळपासून एकच भुंगा. एक कारण असं सुचलं: मला कमी सांगायचं, मी नारळ घ्यायचा, उड्या मारायच्या, आणि मांडावरच... मग मान कोणाकडे?

लिहून झाल्यावर लाज वाटली. हा भानू. बाबांच्या आजारपणात रोज दुकान बंद करून इंजेक्शन द्यायला यायचा तो. आणि तसंच असेल तर दर वेळी डॉक्टरकडे जा म्हणून का सांगेल? काही जुळत नाही.

रश्मीचा फोन. उद्या डॉक्टर, नाहीतर ती स्वतः येऊन नेणार. सु.ने शेजारी बसून ऐकलं. आता दोघी एक झाल्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पेडण्याला डॉक्टर. तरुण पोरगा, घाटावरचा, कोल्हापूरकडे घर म्हणाला. कार्डियोग्राम काढला. ठीक आहे म्हणाला, पण बीपी ठीक नाही. रोज सकाळी एक गोळी. उड्या, नाच बंद. "निदान आत्ता तरी."

मी काल्याचं सांगितलं. त्याला शंखासूर समजावताना मीच उठून एक पाऊल दाखवलं. "काका, बसा, बसा!"

मग जेवण विचारलं. मी ऐटीत सांगितलं, दिवाळीपासून मासळीला शिवलेलो नाही.

"मग काय खाता?"

सु. म्हणाली, "पेज. आणि खारांतलो आंबो."

"म्हणजे मिठात मुरवलेला?"

"व्हय."

"रोज?"

सु. खाली बघायला लागली. मी छताकडे. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, त्यापेक्षा ताजा बांगडा खाल्ला असता तरी चाललं असतं."

बसमध्ये सु.ला हसू आवरेना. मलाही. लोक बघत होते. देवासाठी पाळणूक केली आणि बरणी जवळजवळ रिकामी केली. घरी आल्यावर तिने उरलेली बरणी शेजारी देऊन टाकली.

गोळी घेतली. पहिली.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी भानूकडे गेलो. रविवार, दुकानाचं शटर अर्धं खाली. तो आत खोके लावत होता. वाकून आत शिरलो आणि उभ्या उभ्या विचारलं, पहिल्या दिवशी खरा आकडा किती होता?

त्याने पाठ फिरवली नाही, पण हातातला खोका खाली ठेवला नाही.

"एकशें सत्तर वयर."

"मग दीडशे का सांगितलंस?"

"पोदेरीण आसली थंय. खरो आकडो सांगलो असतो तर सांजेमेरेन महाजनांच्या कानार गेलो असतो. तुका नारळ कोणी दिलो नसतो."

"आणि दुसऱ्या वेळी? तेव्हा दुकान रिकामं होतं."

खोका खाली ठेवून म्हणाला, "तुझ्या बापायक आठवतंस मां?"

आठवतात. बाबांनी एका वर्षी नारळ माझ्या हातात दिला, स्वतःच्या हाताने. पुढच्या काल्याला ते आले नाहीत. सोप्यावर बसून राहिले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही, आज जेवायला काय, पाऊस किती झाला, काही नाही. बसलेले असायचे फक्त.

"मिया रोज बघी होतंय त्यांका," भानू म्हणाला. "सुई टोचताना पण आय म्हणी नसत. तुझा तसां होवंक नको म्हणान... डॉक्टराक दाखय म्हणान सांगी होतंय तुका. तू जायशीत असां वाटलां. डॉक्टर सांगतलो, मिया कित्याक सांगूं?"

आणि मग, अगदी हळू, "आणि माका येना रे तां. मिया उबो ऱ्हवलंय तर लोक हसान मरतले."

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मारावंसंही. तोंडातून गेलं ते वेगळंच. "तुझ्या मायेपायी मेलो असतो मी."

तो खोके सरळ करायला लागला. आधीच सरळ होते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तिठ्याकडे गेलो नाही. गोळीने डोकं हलकं वाटतं, की रागाने, कळत नाही. दुपारी झोप नाही. खळ्यात फेऱ्या.

खोटं ते खोटं. औषधाच्या दुकानात बसणाऱ्याने आकडा बदलून सांगायचा नसतो, मग भाऊ असो की बाप. हे मी शंभरदा मनात म्हटलं. एकदाही समाधान झालं नाही. कारण त्याने खरं सांगितलं असतं तर मी दुसरंच कोणी तरी शोधलं असतं, कमी सांगणारं.

सु.ने आज ताटात मीठ वाढलंच नाही. कुरबुर केली तर म्हणाली, "तुमी पडलात तर तो मान घेवन मिया कितां करूं? फोटोफुडे ठेवूं?"

जेवलो तसंच अळणी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी भानू आला. सांगितलं नव्हतं, बोलावलं नव्हतं. ओट्यावर उभा राहिला. सु.ने "बस रे" म्हटलं तरी बसेना. म्हणाला, "दादा, माका शिकय. लागलां तर लागलां."

अंगरखा आणला. त्याला आखूड झाला. मुखवटा न घालता आधी बोलून दाखव म्हटलं. शंखासूर ब्रह्मदेवाचे वेद चोरून आलेला, माजलेला, गावाला आव्हान देणारा. भानूने ते असं म्हटलं की जणू गोळी जेवणाआधी की जेवणानंतर ते सांगतोय. सु. पदर तोंडाला लावून आत पळाली. तो स्वतःच हसायला लागला. मीही. परवाचा राग कुठे गेला कळलं नाही. गेला म्हणणार नाही. बाजूला सरला.

मग मुखवटा घातला. मी म्हटलं, बोलू नको, नुसतं ये. पायरीवरून खळ्यात.

तो आला. एक पाय घासत, अर्धा थांबत, मग एकदम वळून. मी बसलो होतो तो उठून उभा राहिलो. ते बाबांचं पाऊल होतं. मी माझं वेगळं केलं होतं पहिल्या वर्षापासून, उड्यांचं, लोकांना आवडणारं. हे मी विसरलो होतो. खाली लोकांत बसून बसून यानेच ते धरून ठेवलं होतं, आणि मुखवट्याच्या आत त्याला लोक दिसत नव्हते म्हणून ते बाहेर आलं.

"बरां?" आतून आवाज.

"बरां," म्हटलं.

मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झाला. पण माझ्याच खळ्यात माझाच अंगरखा घालून दुसरं कोणी तरी नाचतंय आणि बरं नाचतंय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरला फोन केला. त्याने आधी नाहीच म्हटलं. मी सोडेना. उड्या मारणार नाही, फक्त पावलं घालीन, बाबांसारखी, असं सांगितलं. तो हसला. म्हणाला, रविवारी सकाळी शांत बसून मोजा, आकडा नीट खाली आलेला असेल तर मला कळवा, मग काल्यापर्यंत बघत जाऊ. नसेल तर या वर्षी विषय बंद. "आणि काका, आकडा खराच सांगा."

त्याला कोणी काही सांगितलंय का? नसेल. सगळ्याच पेशंटना म्हणत असेल.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तिठ्यावर महाजनांपैकी थोरले भेटले. "मास्तर, नारळ तुमचोच हां. तुमच्याबगर शंखासूर कसलो?" मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, माझं मलाच ठाऊक नाही. त्यांनी हो धरली.

भानूच्या दुकानापुढून गेलो. त्याने आतून विचारलं, "फाल्यां येतंस मां?" येतो म्हटलं.

अंगणात बसून जीभ शिवून झाली का बघितलं. सु.ने पक्की शिवली आहे, लाल दोऱ्याने. कोणासाठी शिवलीस म्हणून विचारलं. "जो घालतलो ताच्यासाठी," म्हणाली आणि आत गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

भानूच्या दुकानातून लिहितो आहे. आज बंद असतं, त्याने माझ्यासाठी उघडलं. देवळात थोड्या वेळाने सगळे जमतील. ढोल आत्ताच सुरू झाला, इथपर्यंत ऐकू येतो.

बसायचं स्टूल आज काउंटरच्या आत आहे, त्याच्या खुर्चीशेजारी. मशीन आमच्या दोघांच्या मध्ये, तोंड माझ्याकडे. "नळी पुरना तर तूच भितर ये," म्हणाला.

दहा मिनिटं गप्प बसायला सांगितलंय. डिचोलीच्या मुलीचं मीच त्याला सांगितलं होतं. मला गप्प बसवत नाही म्हणून वही काढली. तो बघतोय.

तो नाहून आलाय. नवं धोतर, खांद्यावर उपरणं. मीही. आल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही विचारलं नाही. नारळ एकच आहे.

मला तो हवा आहे. अजून हवा आहे. आकडा काहीही येवो, हे बदलणार नाही, आणि ते भानूला ठाऊक आहे. तो मशीनची नळी उगाच सरळ करतोय. तो मला खरं सांगायला घाबरतोय, की खाली आलेला आकडा बघायला, की वर गेलेला? आज त्याला काही सांगावं लागणार नाही. मीच वाचायचं आहे.

पट्टा बांधला डाव्या हाताला. मशीनची काच अजून कोरी.

"दादा, आतां लिवां नको. लिवता लिवता मोजलां तर चढता."

बरं. ठेवतो पेन.